तळपातळी

सकाळच्या कॅप्सूल घेण्याआधी यायचं,
हे तिला मी चारदा बजावलं होतं.
म्हणून इन्साफ कफ्र सुवेलमहून अंधारातच निघते,
नाईलच्या फाट्यावर एक मिनीबस बदलते,
आणि दोन कॅप्सूल रुमालाच्या गाठीत बांधून
तांताच्या इस्पितळात, आमच्या तळघरात उतरते.
रक्त दिलं की नळाच्या पाण्याबरोबर माझ्यासमोर गिळते.
रिकामी जीभ दाखवते.
मी मागितलेलं नसताना.

औषध अंगात सगळ्यात कमी उरतं
ती वेळ मला हवी असते,
रात्रीचं ओसरलेलं, सकाळचं अजून न आलेलं.
डॉक्टर मेरवत वजन बघून डोस लिहितात.
वजन काट्याला कळतं,
पण आतडं किती आत घेतं, मूत्रपिंड किती टाकून देतं
ते रक्तालाच विचारावं लागतं.
कुणाला बाराशे मिलिग्रॅम पुरत नाहीत,
कुणी सहाशेतच जिन्याच्या मधल्या पायरीवर बसतो.

नळी फिरते. लाल खाली बसतं.
वर गव्हाच्या काडीच्या रंगाचं पाणी.
त्याचा थेंब यंत्रात जातो
आणि नवव्या मिनिटाला कागदावरची रेघ उठते.
दोनच्या वर जावी अशी अपेक्षा.
इन्साफची शून्य पूर्णांक नऊ.

मी आधी यंत्रावर संशय घेतला,
मग स्वतःवर.
सगळं धुऊन पुन्हा: शून्य पूर्णांक नऊ.
डॉक्टर मेरवत यांनी फाईलवर लिहिलंसुद्धा,
आठशेचे बाराशे करा.

बाहेर बाकावर तिचा भाऊ बदावी.
दर वेळी सोबत येतो.
विषाणू तोच, यकृत तसंच,
यादीतला नंबर मात्र पुढच्या वर्षी कधीतरी.
तो बसल्या जागी धापा टाकत होता.
खालची पापणी ओढून पाहिली,
आत चुन्यासारखं पांढरं.
जो औषध घेत नाही
त्याला औषधाचा अशक्तपणा कुठून?

"आलाच आहात तर," मी म्हटलं, "बाही वर करा."

नवव्या मिनिटाला रेघ उठली.

तीळ सात जणांत वाटून खाता येतो, मी ओरडले,
हे नाही!
निम्म्याने तिचा आजार जात नाही,
आणि आठवड्याच्या इंजेक्शनाशिवाय तुमचा तर नाहीच.

इन्साफ गप्प. बोलला बदावी.
शाळेचं अंगण, बिल्हार्झियाची मोहीम,
स्टोव्हवर पातेलं, काचेची एकच सिरिंज, पोरांची रांग.
ही रडत होती.
दुखत नाही हे दाखवायला मी हिच्या पुढे घुसलो.
मग तीच सुई हिला.
"माझ्यातूनच गेलं," तो म्हणाला.

"कशावरून?" ती एकदम उसळली,
"तुझ्या पुढे काय कुणी नव्हतं?
तीस वर्षं हेच उराशी धरून बसलाय.
म्हटलं, निम्मं घे आणि गप्प बस."

सुई नीट उकळायला वीस मिनिटं लागतात.
दोन पोरांच्या मध्ये
वीस मिनिटं कुणाकडे होती?

बाराशे खोडले. आठशे राहिले.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'औषध अनियमित'.
धडधडीत खोटं.
तिच्याइतकं नियमित कुणी वाटलं नसेल,
सकाळी एक त्याला, रात्री एक त्याला,
एकही दिवस न चुकवता.

महिन्याने रेघ दोन पूर्णांक तीनला टेकली.
डॉक्टर मेरवत खूश.
बदावीच्या गालांना थोडा रंग आला होता,
औषध नसल्याचा रंग.
मी त्याला 'बरे दिसता' म्हटलं नाही.

इन्साफने रुमालाची गाठ सोडली,
दोन्ही गिळल्या,
आणि रिकामी जीभ दाखवली.
या वेळी मला नाही.
बाकाकडे वळून, त्याला.